भूगोल घेऊन पुढे काय?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

दहावीच्या परीक्षेत एक पेपर असा होऊन गेला, की जो एकाही मुलानं लिहिला नाही आणि तरीही ज्याचे गुण सगळ्यांना मिळाले. २३ मार्च २०२० ला तो व्हायचा होता. करोना आला, टाळेबंदी आली, पेपर आधी पुढे ढकलला आणि मग रद्दच झाला. बाकीच्या विषयांच्या सरासरीवरून त्याचे गुण देण्यात आले. तो पेपर भूगोलाचा होता. त्यात कुणाचा दोष नव्हता, वेळापत्रकात भूगोल शेवटी होता एवढंच. पण मला तेव्हा राहून राहून वाटलं, की गणिताचा पेपर राहिला असता, तर घराघरांत केवढी चिंता पसरली असती! भूगोलाचा राहिला, तर पोरं खूश आणि आईबापही निवांत. सरासरीनं भागतं, असा हा विषय आहे, हे आपण सगळ्यांनी मनोमन मान्यच केलेलं आहे.

म्हणून एखाद्या मुलीनं किंवा मुलानं ‘मला भूगोलातच बी.ए. करायचंय’ असं सांगितलं, की घरात पहिला प्रश्न येतो, ‘भूगोल घेऊन पुढे काय?’ हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. तीन वर्षांचा खर्च ज्याच्या खिशातून जाणार, त्याला तो विचारण्याचा हक्क आहे. मात्र हा प्रश्न आपल्याच गल्लीत पहिल्यांदा विचारला गेला, असं कुणी समजू नये. जगातल्या मोठमोठ्या विद्यापीठांनी तो विचारलाय, आणि काहींनी त्याचं उत्तर देताना भूगोलाचं दुकानच बंद केलंय. त्याची ही गोष्ट.

पदवी नव्हती तेव्हा भूगोलाचं काम नव्हतं असं नाही. उलट भरपूर होतं. भारतात सर्वेक्षण खातं १७६७ साली सुरू झालं. १८०२ मध्ये मद्रासजवळ लॅम्बटननं पायारेषा मोजली आणि देशभर त्रिकोणांचं जाळं विणायला सुरुवात झाली. या कामावर १८३१ साली राधानाथ सिकदर नावाचा एकोणीस वर्षांच्या आतबाहेरचा बंगाली तरुण लागला. पगार महिना तीस रुपये. आणि हुद्दा काय, तर ‘काँप्युटर’! म्हणजे आकडेमोड करणारा माणूस. पुढे १८५२ च्या सुमाराला हिमालयातल्या ‘पंधरा क्रमांकाच्या’ शिखराची आकडेमोड त्यानं केली आणि ते जगात सर्वांत उंच असल्याचं दिसून आलं. शिखराला नाव मिळालं जुन्या साहेबाचं, एव्हरेस्टचं. खात्याच्या सर्वेक्षण-पुस्तिकेत गणिताचा अवघड भाग सिकदरांचा होता आणि पहिल्या आवृत्तीत तसा उल्लेखही होता. १८७० मध्ये ते वारले आणि १८७५ च्या आवृत्तीतून तो उल्लेख गळला. तेव्हा एका इंग्रजी वृत्तपत्रानंच याला मेलेल्या माणसाची लूट म्हटलं होतं.

त्याच खात्यात आर्काटचे सय्यद मीर मोहसीन हुसेन होते. मूळचे घड्याळं आणि दागिने दुरुस्त करणारे कारागीर. विलायतेहून आलेली थिओडोलाइटसारखी नाजूक यंत्रं बिघडली, की ती त्यांच्या हाती जायची. जॉर्ज एव्हरेस्टला त्यांच्या हाताचा इतका भरवसा, की यंत्रांची सगळी जबाबदारी त्यानं त्यांच्यावर टाकावी म्हणून तो वरिष्ठांशी भांडला.

आणि मुहम्मद-इ-हमीद. हा एक मुन्शी. १८६३ मध्ये त्याला सर्वेक्षणाचं शिक्षण देऊन व्यापाऱ्याच्या वेशात लडाखहून काराकोरम ओलांडून यारकंदला पाठवलं. गोऱ्या माणसाला तिकडे जीवाची भीती, म्हणून हा गेला. हिवाळाभर तिथं राहून लपूनछपून त्यानं ताऱ्यांचे वेध घेतले, थंडीवाऱ्याच्या नोंदी ठेवल्या. परतीच्या वाटेवर १८६४ मध्ये तो मरण पावला. त्याच्या वह्या मात्र परत आल्या आणि नकाशावर यारकंद आपल्या जागी बसलं. भूगोलाचा खर्च म्हणतो आपण. या माणसानं तो कोणत्या नाण्यात चुकता केला, ते बघा.

यांच्यापैकी कुणाकडेही भूगोलाची पदवी नव्हती. तशी पदवीच नव्हती.

पदवी आली ती युद्धाच्या मागोमाग. १८७० च्या युद्धात फ्रान्स प्रशियाकडून हरला. नकाशे वाचणारं सैन्य जिंकलं, आपल्या पोरांना भूगोल येत नाही म्हणून आपण हरलो, अशी हळहळ फ्रान्सभर झाली आणि शाळांतला भूगोल वाढला. प्रशियानं १८७४ मध्ये आपल्या विद्यापीठांतून भूगोलाची अध्यासनं काढायचं ठरवलं. इंग्लंडला वाटलं, आपण मागे पडतोय. तिथल्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनं केल्टी नावाच्या आपल्या माणसाला युरोपभर फिरवून भूगोलाच्या शिक्षणाचा अहवाल करवून घेतला. अहवालात इंग्लंडची अब्रू फारशी उरली नव्हती. मग १८८७ च्या जानेवारीत पंचवीस वर्षांच्या हॅलफर्ड मॅकिंडर नावाच्या तरुणानं त्या सोसायटीपुढं भाषण केलं. भूगोल म्हणजे डोंगर-नद्यांची यादी नव्हे, माणूस आणि त्याची भूमी यांच्यातला कार्यकारणभाव म्हणजे भूगोल, असा त्याचा रोख. पहिल्या रांगेत बसलेला एक ॲडमिरल सारखा ‘काय हा आगाऊपणा’ असं पुटपुटत होता, अशी आठवण मॅकिंडरनंच पुढे सांगितली आहे.

त्याच वर्षी ऑक्सफर्डनं मॅकिंडरला भूगोलाचा प्रपाठक नेमलं. पगारातला अर्धा वाटा सोसायटीनं उचलला. म्हणजे विद्यापीठाला विषय हवा होता, पण अर्ध्या किमतीत! पहिल्या व्याख्यानाला श्रोते किती? तीन. त्यांतले एक प्राध्यापक, ते म्हणाले, मला स्वित्झर्लंडचा भूगोल येतो, मी नुकतंच तिथलं प्रवासी मार्गदर्शक पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलंय. उरलेल्या दोन बाया, त्या विणकाम घेऊन आल्या होत्या. आमच्या कविसंमेलनांची मला आठवण झाली.

या विषयाला हळूहळू गिऱ्हाईक मिळालं ते शाळामास्तरांचं. १८९९ मध्ये ऑक्सफर्डला भूगोलाची स्वतंत्र शाखा उघडली, पदविका सुरू झाली, सुट्टीत शिक्षकांचे वर्ग भरू लागले. भूगोल शिकायचा कशासाठी, तर भूगोल शिकवण्यासाठी. १९१७ साली लिव्हरपूलला भूगोलाची ऑनर्स पदवी मिळू लागली आणि मग बाकीची विद्यापीठं आली. शिकून शिकवायचं, हा जो भूगोलाच्या पदवीचा धोपटमार्ग पडला, तो आपल्याकडेही तसाच आला आणि शंभर वर्षं टिकला.

आता अमेरिकेत जाऊ. कारण खरा खटला तिथं चालला.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला अचानक जगभरचे नकाशे लागले. पॅसिफिकमधलं कुठलं बेट, त्याला किनारा कसा, पाऊस कधी, विमान उतरेल का? भूगोलाचे प्राध्यापक वॉशिंग्टनला बोलावले गेले आणि हेरखात्यातसुद्धा त्यांची टेबलं लागली. भूगोलाला एवढा भाव पूर्वी कधी नव्हता. आणि युद्ध संपून तीन वर्षं होतात न होतात, तोच १९४८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठानं भूगोल बंद केला. एडवर्ड ॲकरमन या तरुण अध्यापकाच्या बढतीचा प्रश्न निघाला होता. बढती नाकारली गेली आणि तेवढ्यावर न थांबता विषयच गुंडाळायचं ठरलं. तिथले अध्यक्ष जेम्स कोनंट रसायनशास्त्रज्ञ. ‘भूगोल हा विद्यापीठीय विषयच नव्हे’ असं त्यांचं मत झाल्याचं सांगितलं जातं. हार्वर्डचेच जुने विद्यार्थी, १९१९ च्या पॅरिस तहाच्या वेळी अध्यक्ष विल्सन यांच्याबरोबर गेलेले नामांकित भूगोलतज्ज्ञ आयझेया बोमन हयात होते. त्यांचं वजन विषयाच्या पारड्यात पडेल असं लोकांना वाटलं होतं, ते पडलं नाही. खर्चाची ओढ होती, माणसांमाणसांतली तेढ होती, जुने राग होते. आणि खरं सांगायचं तर, भूगोल म्हणजे नेमकं काय, याचं एका वाक्यात उत्तर त्या विषयाच्या बाजूच्यांनाही देता आलं नाही. ॲकरमन शिकागोला निघून गेला.

हार्वर्डनं केलं म्हटल्यावर इतरांची भीड चेपली. येलनं १९६७ मध्ये भूगोल विभाग बंद केला. मिशिगननं १९८२ मध्ये, अंदाजपत्रकाला कात्री लावताना. १९८६ मध्ये कोलंबियानं आणि नॉर्थवेस्टर्ननं. आणि ज्या शिकागोत १९०३ पासून भूगोलाचा स्वतंत्र विभाग होता, तिथंही त्याच वर्षी तो विभाग म्हणून उरला नाही. या विद्यापीठांत तोवर जी मुलं भूगोल शिकून बाहेर पडली होती, त्यांच्या पदवीवर विद्यापीठाचं नाव होतं, पण विद्यापीठात त्यांचा विषय नव्हता. नोकरीच्या मुलाखतीत ही गोष्ट कशी समजावून सांगायची?

पण गंमत पुढेच आहे. याच हार्वर्डमध्ये १९६५ साली, भूगोल काढून टाकल्यावर सतरा वर्षांनी, हॉवर्ड फिशर नावाच्या वास्तुशिल्पकारानं फोर्ड फाउंडेशनच्या पैशातून एक प्रयोगशाळा काढली. काम काय, तर संगणकाकडून नकाशे काढून घेणं. छपाईयंत्रावर अक्षरांच्या ठिपक्यांनी काढलेले ते ओबडधोबड नकाशे आज पाहिले तर हसू येईल. पण त्या प्रयोगशाळेत काम केलेल्या जॅक डेंजरमंड या विद्यार्थ्यानं १९६९ मध्ये पत्नी लॉरा हिच्यासह कॅलिफोर्नियात एस्री ही कंपनी काढली. आज जगभरच्या पालिका, वनखाती, पाणीपुरवठा विभाग ज्या प्रणालींवर नकाशे चालवतात, त्यांतल्या कितीतरी या कंपनीच्या आहेत. दरवाज्यातून घालवलेला पाहुणा खिडकीतून आत आला, आणि तोही पैशाची थैली घेऊन.

इथं एक खुलासा करायला हवा, नाहीतर भूगोलवाले उगीच हुरळतील. फिशर भूगोलाचा नव्हता आणि डेंजरमंडही भूगोलाचा नव्हे, तो भूदृश्य-रचना शिकलेला. कॅनडातला रॉजर टॉमलिन्सन मात्र खरा भूगोलाचा पदवीधर. विमानातून सर्वेक्षण करणाऱ्या एका कंपनीत तो नोकरीला होता. पूर्व आफ्रिकेत झाडं लावायला योग्य जमीन शोधायचं काम आलं. उताराचा नकाशा, पावसाचा नकाशा, मातीचा नकाशा, रस्त्यांचा नकाशा एकावर एक ठेवून जागा निवडायची. हातानं करायचं तर खर्च इतका निघाला, की कामच सोडून द्यावं लागलं. मग त्याच्या डोक्यात आलं, हे संगणकाकडून का होऊ नये? त्यातून १९६० च्या दशकात कॅनडा सरकारसाठी भौगोलिक माहिती प्रणाली उभी राहिली. आज ज्याला मुलं ‘जीआयएस’ म्हणतात, ती. चार नकाशे एकावर एक ठेवून बघायची सवय त्याला भूगोलाच्या वर्गानं लावली होती; ती विकली कशी जाते, हे त्याला कंपनीत कळलं.

हार्वर्डनं २००६ मध्ये भौगोलिक विश्लेषणाचं एक केंद्र उघडलं. विभाग मात्र पुन्हा काढला नाही.

इंग्लंडात दुसऱ्या बाजूनं हिशेब बदलला. १९९८ पर्यंत तिथल्या मुलांना विद्यापीठात फी पडत नव्हती. त्या वर्षी वर्षाला एक हजार पौंड आली, २००६ मध्ये तीन हजारांपर्यंत, २०१२ मध्ये नऊ हजारांपर्यंत. भूगोल असो की अभियांत्रिकी, आकडा तोच. फी नव्हती तोवर आवडीनं विषय निवडता येत होता. फी आल्यावर तिथल्या घरांतही आपल्यासारखेच कागद-पेन्सिल घेऊन आईबाप बसू लागले. आवडीला किंमत लागली, की तिचा आवाज थोडा खाली येतो.

आपल्याकडे पदवीचा भूगोल १९२० च्या दशकात आला. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात १९२४ साली विभाग सुरू झाला, तो देशातल्या सगळ्यांत जुन्यांपैकी. कलकत्त्याला १९४१ मध्ये एम.ए.चे वर्ग निघाले, त्यामागे शिवप्रसाद चटर्जी होते. पॅरिसला जाऊन त्यांनी खासी, जयंतिया आणि गारो डोंगरांच्या पठारावर प्रबंध लिहिला होता आणि त्या पठाराला एक नाव दिलं होतं, ‘मेघालय’. प्रबंधातला शब्द! १९७२ साली राज्य झालं, तेव्हा तेच नाव राज्याला मिळालं. मी कवी आहे, मला यात पगारापेक्षा मोठी कमाई दिसते. पण ज्याला घरभाडं भरायचंय त्याला हे सांगून चालणार नाही, म्हणून हेही सांगतो की चटर्जींनी राष्ट्रीय नकाशासंग्रहाची संस्था १९५६ मध्ये उभी केली आणि भूगोल शिकलेल्यांना शाळेबाहेरची सरकारी नोकरी मिळण्याचं एक दार उघडलं.

मराठी मुलखापुरतं बोलायचं, तर ज्या १९४८ साली हार्वर्डनं भूगोल बंद केला, त्याच साली चं. धुं. देशपांडे यांचा पश्चिम भारताच्या प्रादेशिक भूगोलावरचा इंग्रजी ग्रंथ धारवाडहून निघाला. १९८६ मध्ये प्रा. दीक्षितांचा महाराष्ट्राचा नकाशासंग्रह आला. आमच्या पिढीतल्या भूगोलाच्या मुलांनी तो ग्रंथालयात उभ्यानं चाळलाय. घरी न्यायला मिळायचा नाही.

मी बी.ए.ला मराठी घेतलं, पण जोडीला भूगोल होता. घरी सांगितलं, तेव्हा अब्बा म्हणाले, ‘म्हणजे एस.टी.त कंडक्टर होणार. गावांची नावं पाठ झाली की काम झालं!’ त्यांना कंडक्टरची नोकरी कमी वाटत नव्हती, बरं का. पक्की नोकरी, खाकी गणवेश, पास. उलट एवढं शिकून तीच मिळणार असेल, तर मधली तीन वर्षं कशाला, असा त्यांचा रोकडा सवाल होता. फी तशी फार नव्हती. खर्च व्हायचा तो खोलीच्या भाड्याचा, खाणावळीचा आणि प्रात्यक्षिकाचा. हो, कला शाखेत प्रात्यक्षिक असणारे विषय थोडेच, त्यांतला हा एक. प्रक्षेपणं काढायची, समतलफलक घेऊन मैदान मोजायचं, जर्नल पूर्ण करायचं. काळ्या शाईचं एक चांगलं पेन घ्यायला अम्मीनं भिशीतले पैसे दिले होते. आणि वर्षाअखेरची सहल. सगळ्या वर्गाची नावं लागायची आणि निघायच्या दिवशी पाचसहा जण आजारी पडायचे. त्यांचा आजार काय होता, हे सरांना ठाऊक असायचं. कुणी विचारायचं नाही.

आणखी एक गोष्ट आजच्या मुलांना खरी वाटणार नाही. सीमाभागाची आणि किनारपट्टीची सर्वेक्षण खात्याची नकाशापत्रं तेव्हा प्रतिबंधित असत. म्हणजे कोकणातला मुलगा भूगोल शिकायचा, पण त्याच्या स्वतःच्या गावाचं नकाशापत्र त्याला सहजी बघायला मिळायचं नाही. त्याला तिसऱ्याच मुलखातल्या डोंगरावरच्या समोच्चरेषा वाचायला द्यायचे. २००५ च्या नकाशा धोरणानं ही गाठ सैल केली, आणि फेब्रुवारी २०२१ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय कंपन्यांना नकाशे करण्यासाठी आधी परवानगी घेत बसण्याची गरज ठेवली नाही. २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आलं. गावठाणांची मोजणी ड्रोननं सुरू झाली. राज्याला पुन्हा जमीन मोजायची गरज पडलीय आणि त्यामुळे भूगोलाला पुन्हा भाव येतोय, हे खरंच आहे. गेल्या दीडशे वर्षांत हेच घडत आलंय. राज्याला नकाशा हवा असतो तेव्हा भूगोल वर चढतो, गरज सरली की त्याची बढती अडते.

पण हा भाव आपोआप भूगोलाच्या मुलाच्या खिशात येत नाही, हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं. ड्रोनच्या कामावर अभियांत्रिकीचा मुलगा लागतो, नकाशाच्या कंपनीत संगणकवाला लागतो. भूगोलाचा पदवीधर तिथं पोचतो, जर त्यानं वर्षा-दीड वर्षाचा वेगळा अभ्यासक्रम करून ती प्रणाली हातात घेतली असेल तर. आणि हा वेगळा अभ्यासक्रम बी.ए.च्या तीन वर्षांपेक्षा महाग पडू शकतो. मग स्वस्त पदवी स्वस्त राहते कुठे? जुना रस्ता बी.एड.चा. त्यावर किती वर्षं किती जण रांगेत उभे राहिले, ते आपण पाहिलंय. माझ्या बरोबरच्या एकानं मुलाखत उत्तम दिली, आणि संस्थेच्या कारकुनानं त्याला बाहेर बोलावून जो आकडा सांगितला, तो ऐकून तो जो परत आला, तो थेट भावाच्या किराणा दुकानात बसला. त्याच्याकडे आजही पावसाळ्याआधी लोक विहिरीची जागा विचारायला येतात. काळी, बरड, मुरमाड, चोपण, जमीन बघून तो सांगतो. पैसे घेत नाही.

राहिला स्पर्धा परीक्षांचा मार्ग. तिथं भूगोल खरोखर उपयोगी पडतो, सामान्य अध्ययनातही आणि वैकल्पिक विषय म्हणूनही. पण परीक्षेला बसणारे लाखांत आणि जागा शेकड्यांत, तेव्हा त्या एका आशेवर पदवीची किंमत ठरवणं मला सट्ट्यासारखं वाटतं. सट्टा कुणी लावू नये असं मी म्हणत नाही, मात्र घरात दुसरी मिळकत असावी.

आमच्या मोहल्ल्यातला एक मुलगा परवा बारावीचा निकाल घेऊन आला. वडील गॅरेजमध्ये आहेत. चाचा, भूगोल घेऊ का, म्हणाला. मी त्याला हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. दोन कॉलेजांची नावं सांगितली आणि म्हटलं, प्रवेशाच्या खिडकीवर नंतर जा, आधी त्यांची भूगोलाची प्रयोगशाळा बघून ये. कपाटं उघडी आहेत का बघ, संगणकावर कुणी मूल बसलेलं आहे का बघ, सहलीला मागच्या वर्षी किती जण गेले ते विचार. संध्याकाळी तो परत आला. पहिल्या कॉलेजात प्रयोगशाळेची किल्ली शिपायाकडे होती आणि शिपाई रजेवर होता. दुसऱ्या ठिकाणी सात संगणक होते, चार चालू होते, आणि एक मॅडम तिसऱ्या वर्षाच्या मुलींना गावाच्या ओढ्याचा नकाशा कसा भरायचा ते दाखवत होत्या. तो तिथं तासभर उभा राहिला म्हणे. अर्जाची मुदत सोमवारपर्यंत आहे.